मोठ्या बांधीचा कॅमेरा

एकोडीच्या चौकात एकाच टिनाच्या छपराखाली दोन दुकानं नांदतात. डावीकडे साधनाबाईंचा किराणा, उजवीकडे त्यांचे यजमान भोजराज कापगते यांचा फोटो स्टुडिओ. मध्ये भिंत नाही, एक पडदा आहे आणि पडद्यावर हिमालय रंगवलेला आहे. डाळ घ्यायला आलेला माणूस हिमालयाच्या कडेने वाकून विचारतो, "भोजाभाऊ, मायं पासपोर्ट कधी भेटल?" आणि फोटोसाठी आलेल्या पोरी पलीकडून पावडरचा डबा मागून घेतात. तराजूचा आवाज आणि कॅमेऱ्याचा आवाज या दुकानात एकमेकांच्या सवयीचे होऊन राहिले आहेत.

भोजराजला फोटो काढायला कोणी शिकवलं नाही. तरुणपणी दिवाळीनंतरच्या मंडयांमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांमध्ये, फोटो काढणारा एक फिरता माणूस यायचा, त्याच्या पेट्या उचलत भोजराज गावोगाव हिंडला. त्या माणसाने काही शिकवलं नाही, पण काही लपवलंही नाही. बाकीचं भोजराज लग्नामांडवात चुकत चुकत शिकला. आज एकोडीत ज्या घराच्या भिंतीवर त्याच्या हातचा फोटो नाही, त्या घराला अजून भिंतीच उभ्या व्हायच्या आहेत असं समजावं.

आमच्या झाडीपट्टीतल्या लग्नात एक फोटो सगळ्यात शेवटी निघतो. त्याला सोयऱ्यांचा फोटो म्हणतात. नवरा-नवरी मध्ये, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, लेकरं खाली सतरंजीवर आणि मागे रांगांवर रांगा. पुढे अल्बम आला की तो नुसता पाहायचा नसतो, बोट ठेवून वाचायचा असतो. कोण आलं, कोण कोणाच्या बाजूला उभं राहिलं, कोणाचं तोंड फुगलेलं होतं. ज्याचा चेहरा त्या फोटोत नाही, तो लग्नाला आला नाही. मग त्याने पंगतीत बसून चार वेळा वरण मागितलेलं असो. भोजराजचा मोठेपणा इथे होता. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बटणाचं रबर निघालं होतं, पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता, पण त्याने काढलेल्या सोयऱ्यांच्या फोटोत एकही चेहरा वाया गेला नव्हता.

फाल्गुन लागला, पळस फुलला आणि त्याचा भाचा कुलदीप नागपूरहून आला. कुलदीपही फोटोग्राफर, पण शहरातला. आता तो ड्रोन उडवायच्या नादाला लागला होता. त्याने काळी बॅग उघडली आणि एक कॅमेरा काउंटरवर ठेवला. लेन्सचं तोंड वाटीएवढं.

"मामा, फुल-फ्रेम आहे. प्रोफेशनल. हातात घ्या, मंग बोला."

"फुल म्हंजे? आमचा का अर्धा होय?"

"अर्ध्याहून बी कमी. आतमध्ये ज्याच्यावर फोटो उमटते ना, तो सेन्सर तुमच्यावाल्यापेक्षा दुपटीहून मोठा आहे. उजेड जास्त घेते."

भोजराजने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या तोंडावर ओळख उमटली. "म्हंजे बांधी मोठी," तो म्हणाला. धानाच्या शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. "लहान बांधीत पाऊस थोडा साचते, मोठ्या बांधीत जास्त. तसंच ना?"

"तसंच समजा," कुलदीप हसला.

हिमालयाच्या पलीकडून साधनाबाईंचा आवाज आला. "बांधी मोठी असली का रोवणाही जास्त लागते, हे बी सांग तुया मामाले."

रोवणा म्हणजे धानाची लावणी, कंबर मोडणारं काम. मग त्या स्वतःच बाहेर आल्या, कॅमेरा उचलला आणि सरळ तराजूत ठेवला. दुसऱ्या पारड्यात तूरडाळीची किलोची पुडी ठेवली. पारडं हललं नाही. अर्ध्या किलोची आणखी एक ठेवली, तेव्हा कुठे काटा मध्ये आला. "अहो, मान मोडल तुमची. लग्नात दिवसभर डाळीची पिशवी गळ्यात घालून फिरसान का?"

कुलदीप मामीपुढे कधी जिंकू शकला नव्हता. जाताना तो एवढंच म्हणाला, "मामा, देवकाबाईच्या नातीचं लग्न यानंच काढा. हात बसला तर ठेवून घ्या, घरातच राहील. नाई बसला तर वरठीचा एक जण मागून राहिला, त्याले देऊन टाकतो. आन एक ध्यानात ठेवजा. याची खरी मजा लेन्स पुरी उघडी ठेवण्यात आहे. मागचं सारं लोण्यासारखं विरघळते."

दुसऱ्या दिवसापासून भोजराज आणि तो कॅमेरा एकमेकांना ओळखू लागले. सकाळी तलावाच्या पाळीवर बसून त्याने पाण्यात बसलेल्या म्हशीचा फोटो काढला. घरी येऊन मोठा करून पाहतो तर म्हशीच्या पापणीवर पाण्याचा थेंब आणि थेंबात उगवता सूर्य. संध्याकाळी शेजारच्या ओसरीत दिव्याच्या उजेडात झोपलेलं बाळ काढलं, फ्लॅश न मारता. बाळ झोपूनच राहिलं. जुन्या फ्लॅशने एकोडीतली दोन पिढ्यांची बाळं रडवणाऱ्या माणसाला हे फार मोठं वाटलं. हळदीचा पिवळा हळदीसारखा आला, पळसाचा केशरी पळसासारखा. जुना कॅमेरा दोघांनाही एकाच रंगात बुडवायचा.

पण रोवणाही जास्त लागला, तो असा. मान दुखली. साधनाबाईंनी बोलता बोलता जुन्या गोधडीची पट्टी पट्ट्याला शिवून दिली. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकेना. एकेक फोटो एवढा जड की दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो उघडेपर्यंत चहाला उकळी यायची. आणि समोरच्या सलूनवाल्या निकेशचा फोटो काढला, तर तो दाखवताच किंचाळला.

"भोजाभाऊ, हे पुसा पहिले! गालावरचे खड्डे दिसून राहिले. असा न्हावी पाहून कोण येईल दाढी कराले?"

"मी नाई दाखवलं, तुया गालानं दाखवलं."

"जुन्यात मी देखणा होतो जी!"

लग्नाच्या आदल्या सकाळी देवकाबाई दुकानात आली. म्हातारी साखर घ्यायच्या निमित्ताने आली, पण साधनाबाईंकडे न जाता पडद्याच्या या बाजूला येऊन बसली. तिच्या नातीचं, रीनाचं लग्न होतं. मुलगा अमर तयारीत गुंतलेला. देवकाबाईने पदराने तोंड पुसलं.

"भोजा, भय्याजी येऊन राहिला."

भोजराज चमकला. भय्याजी म्हणजे देवकाबाईचा थोरला भाऊ, तुमसरकडच्या आंबागडचा. या बहीण-भावांचं न बोलणं साऱ्या एकोडीला ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी भय्याजीने आपली बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळवायला देवकाबाईच्या नवऱ्याला दिली. जोडी हरली. पंगतीत भय्याजी म्हणाला, "बैल माये होते, हात तुये होते." नवरा ताटावरून उठला. तो नवराही गेला, ते बैलही गेले, पण ते एक वाक्य देवकाबाईच्या अंगणात तसंच बसून राहिलं होतं. अमरच्या लग्नालाही मामा आला नव्हता.

"अमरनं पत्रिका धाडली, त्यानं येतो म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "मायी जाऊ रुखमा आजवर मले टोचत आली, तुले माहेर हाय का नाई म्हणून. बाकी सारे फोटो बिघडले तरी चालल भोजा. सोयऱ्यांच्या फोटोत माया भाऊ आला पायजे."

"काकी, माया हातून आजवर कोणी सुटलं का?"

"म्हूनच तुले सांगून राहिली."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि संध्याकाळचा निळा उजेड हिरव्या डाहळीच्या मांडवात उतरला. भोजराज त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हता. फ्लॅश नाही, धावपळ नाही. रीनाच्या कपाळावरच्या बाशिंगाचा मोती न मोती उठून येत होता आणि मागचं सारं खरोखर लोण्यासारखं विरघळत होतं.

भय्याजी आला. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पाठ अजून सरळ. बहिणीसमोर उभा राहिला, "बरी आहेस ना?" म्हणाला. तीही "हो" म्हणाली. दोघांचं बोलणं तिथेच संपलं. सोयऱ्यांच्या फोटोची वेळ झाली तेव्हा भोजराजने त्याला पुढे बोलावलं.

"मामाजी, इथं या. काकीच्या बाजूले खुर्ची ठेवली आहे."

"मी इथंच बरा आहो," म्हणत तो सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. देवकाबाई पुढे खुर्चीवर बसलेली होती. तिने मान वळवली नाही. भोजराजने रीनाच्या डोळ्यांवर फोकस धरला, बटण दाबलं, मागच्या लहानशा पडद्यावर रीनाचा चेहरा मोठा करून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. चेहरा काचेसारखा स्वच्छ होता. जेवण झाल्या झाल्या भय्याजी कोणाच्या तरी गाडीवर बसून निघून गेला.

मांडवाची पानं सुकू लागली तशी देवकाबाई फोटो पाहायला आली. सोबत रुखमाही आली होती, कारण जिथे देवकाबाई तिथे रुखमा. फोटो काढायच्या वेळी ती घरात वऱ्हाडाला विडे लावत होती, म्हणून तिच्या जागी तिची सून उभी होती. कॉम्प्युटरवर फोटो सावकाश उघडला. देवकाबाईचं बोट काचेवरून फिरू लागलं.

"ही रीना. हा जावई. हा अमर. वा, चांगला आला." बोट दुसऱ्या रांगेत गेलं, तिसरीत गेलं आणि अडखळलं. "हे काय होय रे? धुकं?"

भोजराजने माउस हातात घेतला. त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. जितका मोठा करावा तितके मागचे चेहरे पाण्यातल्या साखरेसारखे विरत गेले. खांबाजवळ एक पांढरा डाग होता, बस्स.

"हा भय्याजी मामा होय का मांडवाचा बांबू?" दारातून निकेश म्हणाला आणि कोणी हसलं नाही तसा लगेच सलूनमध्ये गेला.

"कोण, भय्याजी?" रुखमाने डोळे बारीक केले. "मले तर काही दिसत नाई बापा."

देवकाबाई उठली. तिने आवाज चढवला नाही. "आज पाहणारे आहेत, भोजा. त्याईनं पाहलं, माया भाऊ आला होता. उद्या पाहणारे नसतील. फोटो राहते." एवढं बोलून ती गेली.

साधनाबाई पडद्याआडून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, पण या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. चहाचा कप ठेवला. "जुनाच बरा होता. निदान खोटं तरी बोलत नव्हता."

"खोटं हा बी नाई बोलला," भोजराज म्हणाला. "मी त्याले फक्त पोरीकडं पाहाले सांगितलं, त्यानं फक्त पोरीकडं पाहलं. जुना सरळ होता, काही न सांगता साऱ्याईकडं पाहे. याले सांगाव लागते."

मग तो कामाला लागला. दुकानातच त्याने सोयरे उभे केले. पुढे तेलाचा पिपा, त्याच्या मागे तांदळाचं पोतं, त्याच्या मागे मिरच्यांची पिशवी आणि अगदी शेवटी, हिमालयाला टेकून, साधनाबाई.

"मी मिरच्याईच्या मागं काहून?"

"तू भय्याजी होय सध्या. हलू नको."

लेन्स पुरी उघडी ठेवून काढला तर पिपा स्वच्छ आणि साधनाबाईंचा धूर. त्याने लेन्सचं भोक बारीक केलं. पोतं दिसलं. आणखी बारीक केलं. मिरच्या दिसल्या. आणखी बारीक केलं, तेव्हा साधनाबाईंच्या नाकातली चमकी दिसली आणि त्यांच्या मागे हिमालयाला गेलेला तडाही. बारीक भोकातून उजेड कमी येणार हे भोजराजला ठाऊक होतं. जुना कॅमेरा अशा वेळी अंधारून जायचा आणि फ्लॅश मागायचा. पण इथेच मोठी बांधी कामाला आली. थोड्याशा पाण्यातही ती भरून राहिली. दुकानातल्या एका दिव्यावर साऱ्या सोयऱ्यांचा फोटो निघाला, पिप्यापासून हिमालयापर्यंत.

"फोटो काढता आला," साधनाबाई म्हणाल्या. "आता भय्याजी आणा."

सकाळी गार हवेत भोजराजने मोटरसायकल काढली. गोधडीच्या पट्टीवर कॅमेरा, खिशात त्या बिघडलेल्या फोटोची एक प्रिंट. आंबागडला पोचला तेव्हा डोंगरावरचा जुना किल्ला उन्हात तापू लागला होता आणि भय्याजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. भोजराजने काही लपवलं नाही. प्रिंट पुढे केली.

"मामाजी, फोटो बिघडला. चूक मायी आहे. तुमी यात नाई आहा."

म्हाताऱ्याने चष्मा लावला. "म्हंजे मी आलो, जेवलो, मांडवात उभा राहलो, आन तू म्हणतं मी नाई?"

"हा पांढरा डाग तुमी."

भय्याजीने प्रिंट उजेडाकडे धरली. "चांगला दिसून राहिलो. वय कळत नाई." मग प्रिंट खाली ठेवली आणि मोहफुलं चाळत चाळत, वर न पाहता विचारलं, "देवकानं धाडलं तुले?"

भोजराजच्या तोंडात 'हो' आलं होतं. एका 'हो'ने काम झालं असतं. पण ज्याच्या फोटोत माणूस हरवला त्याने आता शब्दात तरी धुकं करू नये, असं त्याला वाटलं.

"नाई जी. तिले मालूम बी नाई."

"नाईच धाडणार. लहानपणापासून अशीच हाय. पडली तरी सांगणार नाई."

"आन तुमी?"

"तोंड सांभाळून बोल बे." म्हातारा उठला, आत गेला. भोजराजला वाटलं, संपलं. तेवढ्यात भय्याजी धुतलेलं धोतर नेसून, हातात मोहफुलांचं गाठोडं घेऊन बाहेर आला. "गाडी हळू चालवजो. आन एक गोष्ट ध्यानात ठेव. मी तिच्याकडं नाई, फोटोकडं येऊन राहिलो."

त्याच दिवशी रीना पहिल्यांदा माहेरी परत आली होती आणि जावईही सोबत होता. मोटरसायकल अंगणात थांबली तेव्हा देवकाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने भावाला पाहिलं. सूप हातातच राहिलं.

"बिन बलावता आलास?"

"फोटोसाठी आलो."

"चहा घेशीन का नुसता फोटोच घेशीन?"

"चहा घेतो. साखर कमी टाक."

"साखर मी टाकीन तेवढी." सूप खाली ठेवून ती आत गेली आणि आतून भांड्यांचा जरा जास्तच आवाज आला.

भोजराजने साऱ्या गल्लीला हाक दिली. सोयरे पुन्हा जमले. कोणी लग्नातला शर्ट घालून आलं, कोणी शेतातून तसंच. रीनाने शालू नेसला, बाशिंग मात्र सापडलं नाही. निकेशने सगळ्यांना केसात पाणी लावून दिलं, फुकट. रुखमा या वेळी कोणाच्याही आधी येऊन पुढच्या रांगेत बसली. पुन्हा मुहूर्तावरचा तोच निळा उजेड, फक्त मांडवाची पानं आता तपकिरी झाली होती.

भय्याजी सवयीने मागे गेला आणि खांबाला टेकला. भोजराज काही बोलणार, तोच थांबला. "तेथंच राहा मामाजी. आज कॅमेरा तेथपर्यंत पोचते."

हे ऐकून देवकाबाई उठली. पुढच्या रांगेतली मधली खुर्ची, नवरीच्या आजीची मानाची खुर्ची तिने स्वतः उचलली, रांगांमधून वाट काढत मागे नेली आणि खांबाजवळ ठेवून तिच्यावर बसली. सोयऱ्यांच्या फोटोत आजी शेवटच्या रांगेत बसल्याचं एकोडीने कधी पाहिलं नव्हतं.

"पाठीत बांबू टोचते तुले इथं," भय्याजी म्हणाला.

"टोचू दे. लोकं तुले बांबू समजतात, मी बांबूजवळच बसीन."

भोजराजने भोक बारीक केलं. बटण दाबलं. मग पडद्यावर रीनाचा चेहरा पाहिला नाही, सरळ खांब मोठा केला. दुपट्ट्याची किनार दिसत होती, म्हाताऱ्याच्या भुवईचा पांढरा केस दिसत होता. आणि दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते, बांबूवरून एकमेकांशी भांडत होते.

"आला का?" भय्याजीने विचारलं.

"आला जी. दोघंही आले."

"आन नसता आला तर?"

"तर तुमाले पुन्हा गाडीवर बसवून आणाव लागलं असतं."

देवकाबाई चहाचा दुसरा पेला घेऊन भोजराजजवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "भोजा, रीनाच्या लेकराच्या बारशाले बी एखादा फोटो बिघडवजो रे."

अल्बम आला त्या दिवशी रुखमाने तो पहिल्यांदा हाती घेतला. तिचं बोट रांगा वाचत मागे मागे गेलं आणि खांबापाशी थांबलं. "हा देवकाचा भाऊ," ती म्हणाली. "नाक दोघाईचं सारखं आहे, नाई का?"

त्याच दुपारी नागपूरहून कुलदीपचा फोन आला. "मामा, वरठीवाला विचारून राहिला. जड पडते का? देऊन टाकू?"

भोजराजने मान चोळली. कॉम्प्युटरवर एक फोटो अजून उघडतच होता. बॅटरी भिंतीजवळ चार्जिंगला होती. पडद्यापलीकडे साधनाबाई कोणासाठी तरी तूरडाळ मोजत होत्या आणि कान इकडे लावून होत्या.

"जड तर पडतेच बापा," तो म्हणाला. "पण वरठीवाल्याले सांग, दुसरी बांधी पाह्य. या बांधीत माया रोवणा झाला."